जांभळापासून विहिरीपर्यंत

तानूवहिनीनं गोफण फिरवली ती मला स्क्रीनवर दिसली, पण तिच्या हातात काय आहे ते कळेपर्यंत उशीर झाला होता. खाडकन आवाज आला. स्क्रीनवर आभाळ गरगरलं, मग शाळूची कणसं, मग काळी माती, आणि शेवटी वहिनीचं तोंड, अगदी जवळून. ती वाकून माझ्या ड्रोनमध्ये बघत होती.

“पाडलं बघा!” ती ओरडली. हे मला बांधापलीकडून सरळ कानानं ऐकू आलं. “चार दिस डोक्यावर भुणभुणतंय मेलं. अहो, या हिकडं!”

हाक सुबरावदादाला होती. सुबरावदादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्या आणि माझ्या रानात एकच बांध, आणि एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी रिमोट धरून तसाच उभा राहिलो. चार दिवसांचा माझा सगळा पुरावा ड्रोनच्या पोटातल्या कार्डात होता आणि ड्रोन शत्रूच्या रानात पडला होता.

पुरावा कसला ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा वरून बायामाणसं बघत होता.

मी कंडक्टर. बत्तीस वर्षं गाडीवर काढली. संशय घेणं हेच माझं काम होतं. शेवटच्या बाकावर झोपेचं सोंग घेतलेला, उगाच खिडकीबाहेर टक लावून बघणारा, ‘पुढं काढलंय की’ म्हणणारा, असा विनातिकीट माणूस मला चेहऱ्यावरून कळायचा. डेपोत म्हणायचे, रंगराव बापालाही तिकीट लावेल. मला त्याचा अभिमान होता. बापाला लावायची वेळ आली नाही, पण चुलत्याला लावलं. सुबरावदादाचे वडील, नाना, एकदा त्याच्याबरोबर माझ्या गाडीत चढले. म्हाताऱ्यांचं अर्धं तिकीट मागितलं. मी म्हणालो, वयाचा कागद दाखवा. कागद नव्हता.

“अरे, म्हातारा दिसतोय की डोळ्यांनी,” दादा म्हणाला.

“दिसण्यावर तिकीट फाटत नाही. कागद दाखवा, नाहीतर पुरं घ्या.”

नाना म्हणाले, “रंगा, ते ऱ्हाऊ दे. आधी माझं ऐक जरा.”

मी ऐकलं नाही. घंटी मारली. माळावर, ना झाड ना सावली अशा ठिकाणी दोघं उतरले. घरी येऊन आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तर त्यांनी माझी पाठ थोपटली. “त्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नको,” म्हणाले. कारणही तसंच होतं. नाना गावभर सांगत सुटले होते की आप्पांनी बांध सरकवला. आपल्या सख्ख्या भावाबद्दल! शेवटी आप्पांनी बिरोबाच्या देवळात सगळ्यांसमोर भंडारा उचलला आणि शपथ घेतली, मी बांधाला हात लावलेला नाही. भंडारा उचलल्यावर आमच्याकडं पुढं कुणी बोलत नाही. नाना खोटे ठरले. त्याच वर्षी वारले. मी मातीलाही गेलो नाही.

निवृत्त झालो आणि वाटेकऱ्याकडून रान काढून घेऊन स्वतः करायला लागलो. शेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण डोळे होते. पहिल्याच वर्षी दिसलं की बांधापासून आठ-दहा फुटांवर माझा शाळू खुरटतोय. इथं एक ठिगळ पिवळं, दहा पावलांवर दुसरं. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी मी रोज सकाळी बांधाच्या कडेनं चकरा मारायला लागलो, तर दादा दिसला. पाठीवर निळा फवारणीचा पंप, आणि चालतोय बांधाच्या कडेकडेनं. मी म्हणालो, सापडलास! तणनाशक मारतोय, आणि वाऱ्यावर सोडून देतोय माझ्या पिकावर.

“कशावरून?” माझी बायको कुसुम म्हणाली. “विचारा की त्यांना.”

“चोराला विचारतात का?”

“मग कुणाला विचारतात?”

मी फौजदाराच्या नावानं अर्ज लिहून काढला. झकास लिहिला, दोन पानी. पण अर्जाबरोबर पुरावा लागतो हे मला कंडक्टरकीनंच शिकवलं होतं.

तेवढ्यात पोरगी आली. तेजू पुण्याला असते. तिनं हौसेनं ड्रोन घेतला होता, दोनदा उडवला, मग वेळ मिळेना. म्हणाली, “बाबा, तुम्ही उडवा. तुम्हाला एक नाद पाहिजेच आहे, नाहीतर आईच्या मागं लागता दिवसभर.” वस्तू हातात घेतली तर वाटीभर चिवड्याएवढी हलकी. चार पाय उघडायचे, चार पंख फिरायचे, आणि पोटाखाली एक बारीक डोळा. तो डोळा बघितला आणि माझ्या मनात अर्ज आला.

शिकलो मात्र रीतसर. तेजूनं बजावलं होतं, नजरेआड न्यायचा नाही, माणसांच्या डोक्यावर न्यायचा नाही, वारा असला तर उडवायचा नाही, आधी सरळ वर घ्यायचा आणि मग पुढं न्यायचा. पहिल्या दिवशी कुसुमच्या वाळत घातलेल्या लुगड्यात गेला. दुसऱ्या दिवशी उडेचना, दिशा जुळवा म्हणून स्क्रीनवर सूचना. ड्रोन हातात आडवा धरून मी अंगणात गोल फिरलो, मग उभा धरून फिरलो, शेजारचे कुंपणाला येऊन उभे राहिले. “रंगराव, अंगात आलंय काय?” एकानं विचारलं. आठवड्यानं हात बसला. डाव्या अंगठ्यानं वर-खाली, उजव्यानं पुढं-मागं. बोट सोडलं की तो जिथल्या तिथं हवेत थांबतो, हे मला फार आवडलं. बत्तीस वर्षांत असा ड्रायव्हर भेटला नव्हता मला.

आणि मग चार दिवस मी सकाळी खोलीपाशी उभा राहून पाळत ठेवली. रोज तेच करायचो. आधी साठ मीटर वर घेऊन दोन्ही रानांचा एक फोटो काढायचा, म्हणजे जागा सिद्ध होते. मग खाली आणून दादाला टिपायचा. चौथ्या दिवशी पंपाचं तोंड कुठं वळतंय ते नीट दिसावं म्हणून पंधरा मीटरवर आणला. तेजूनं माणसांच्या डोक्यावर न्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं, ते मी त्या दिवशी सोयीनं विसरलो. पाखरं हाकायला वहिनी गोफण घेऊन बसलेली असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. शाळू हुरड्यात आला की रानोरान बाया गोफण घेऊन असतात. माझं पाखरू जरा मोठं होतं, एवढंच.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी तो बांध ओलांडला. अर्ज खिशात होता.

वहिनी ड्रोन हातात धरून उभी. एक पंख तुटलेला, पण दिवा अजून लुकलुकत होता. दादा आला, पंप पाठीवरच. मला बघून तोंड फिरवून उभा राहिला.

“भावजी, लाज न्हाई वाटत?” वहिनीनं सुरुवात केली. “काल पाटाला पाय धुवायला बसली हुती मी, हे आपलं डोक्यावर हजर. सासू मेली तवापासनं एवढं कुणी माझ्याकडं बघितलं न्हवतं.”

“वहिनी, तुमच्याकडं कोण बघतंय? माझी वस्तू द्या.”

“त्याला सांग,” दादा तिला म्हणाला, “आधी काय काय टिपलंय ते दाव म्हणावं. मग वस्तू.”

“वहिनी, त्याला सांगा, दाखवायचं ते मी फौजदाराला दाखवीन.”

“फौजदाराला? त्याला विचार, कशापायी?”

“त्याला सांगा, माझं पीक जाळतो म्हणून.”

वहिनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. “मी काय तुमची टपालपेटी हाय व्हय? बोला की तोंडानं! कोण पीक जाळतंय?”

“तीन वर्षं झाली,” मी म्हणालो, आता सरळ त्याच्याकडं बघून. “बांधाच्या कडेनं पंप घेऊन फिरतोस. माझा शाळू पिवळा पडतो. मी काय आंधळा आहे?”

दादानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “चिकटा पडलाय माझ्या शाळूवर. त्याचं औषध हाय ह्यात. वास घे.”

“वासावर मी विश्वास ठेवत नाही.”

“मग फोटूवर ठेव. काढलंयस न्हवं चार दिस? दाव.”

हे मला बरोबर वाटलं. पकडलेला माणूस असाच जोरात बोलतो, आणि समोर कागद ठेवला की गप्प होतो, हा माझा अनुभव होता. म्हटलं, बस आता. रिमोटला लावलेला फोन मी पुढं धरला. ड्रोन चालू होता, त्यातले फोटो फोनवर दिसत होते. दोघं दोन्ही बाजूंनी वाकले. उन्हामुळं वहिनीनं वरून पदर धरला. आणि मी पहिला फोटो उघडला, त्याच सकाळचा, साठ मीटरवरचा.

खरं सांगतो, ते चारही फोटो मी तोवर नीट बघितलेच नव्हते. माझं सगळं लक्ष खालच्या निळ्या पंपावर.

“आगं बया, आपलं रान हे?” वहिनी हरखून म्हणाली. “ही आपली खोप. ही हीर. आन हे जांभूळ. भावजी, किती ग्वाड दिसतंय वो वरनं.” मग तिचं बोट थांबलं. “आन ही पिवळी रेघ कसली?”

रेघ होती. खाली उभं राहून मला जी सुटी सुटी ठिगळं दिसायची, ती वरून एकापुढं एक लागली होती. हिरव्या शाळूतून एक फिकट पिवळा पट्टा निघाला होता, दोन हात रुंदीचा, कुणी दोरी धरून आखल्यासारखा सरळ. जांभळाच्या बुंध्यापासून निघाला होता आणि थेट विहिरीच्या कोपऱ्याला जाऊन टेकला होता. सगळाच्या सगळा माझ्या रानात. बांध त्याच्यापलीकडं आठ-दहा फुटांवर होता, आणि तो मात्र मध्येच पोट काढून दादाच्या रानात घुसला होता.

वाऱ्यावरून आलेलं औषध इतकं सरळ पडत नाही, हे कळायला शेती यायची गरज नव्हती.

दादानं पाठीवरचा पंप उतरवला. खाली मातीत बसला.

आमच्या आजोबांनी दोन पोरांत रान वाटलं तेव्हा कागद केला नव्हता. ‘जांभळापासून विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत सरळ’ एवढंच म्हणाले होते. हे शब्द आम्हा दोघांनाही लहानपणापासून पाठ. आप्पा सांगायचे, जांभूळ पहिल्यापासून आपल्याच रानात आहे, बांध त्याच्या पलीकडून जातो. नाना सांगायचे, जांभूळ बांधावर होतं. मी आप्पांचं मानलं. जांभूळ माझ्या रानात उभं असलेलं मला रोज दिसत होतं, मग शंका कशाला घ्यायची? साऱ्या जगाचा संशय घेणारा मी, बापाचा कधी घेतला नाही.

माझा अंगठा फोनवर होता. फोटोच्या खाली कोपऱ्यात पुसून टाकायची खूण असते, कचऱ्याच्या डब्याची. ती माझ्या अंगठ्यापासून बोटभर लांब होती. हा एक आणि मागचे तीन, चार फोटो. चारदा दाबलं की संपलं. आप्पांनी भंडारा उचलला होता, सगळ्या गावासमोर. ते खोटं ठरलं तर माझ्या बापाचं काय उरतं? मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

मान वर केली तर दादा माझ्या अंगठ्याकडं बघत होता. हात पुढं केला नाही. नुसता बघत होता. त्या नजरेची मला ओळख होती. चढलेल्या माणसाकडं मी बत्तीस वर्षं तसाच बघत आलो होतो, हा तिकीट काढतो की तोंड फिरवतो म्हणून.

“दादा,” मी म्हणालो. “हा जुना बांध.”

“व्हय.”

“जमिनीवर तर काहीच दिसत नाही. नांगरलाय सगळा.”

“वरचा नांगरला. खालचा दगड-मुरूम कुठं जातोय? तिथं मूळ धरत न्हाई, पीक बसतंय. वाटेकऱ्याला ठावं हुतं. तुला कोण सांगणार? तू कुणाचं ऐकतोस व्हय?”

“तुला माहीत होतं?”

“बघितलं हुतं की डोळ्यांनी. तू तवा लांबच्या डेपोला हुतास. उन्हाळ्यात आप्पानं चार दिसांत बांध फोडला आन हिकडं नवा घातला. पर भंडारा उचलल्यावर काय बोलायचं?” तो उठला, धोतराची माती झटकली. “आज दिसलं. बास झालं.”

मी खिशातून अर्ज काढला. फाडणार होतो, पण वहिनीनं हातातून घेतला आणि त्याला दिला. दादानं तो उन्हात धरून सावकाश वाचला, दोन्ही पानं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी घडी घालून परत दिला आणि म्हणाला, “अक्षर चांगलं हाय तुझं.”

वहिनीनं ड्रोन माझ्या हातात ठेवला. “पंख मोडलाय त्याचा,” ती म्हणाली. “मला काय ठावं, भावजी.” मी बांध ओलांडून परत आलो. कुसुमला फोटो दाखवला. ती एवढंच म्हणाली, “आता काय करणार?”

शाळू निघाला, चैत्र लागला, तेव्हा केलं. तेजूनं नवे पंख पाठवले होते. ड्रोन साठ मीटरवर नेऊन तसाच हवेत थांबवला आणि रिमोट वहिनीच्या मांडीवर ठेवला.

“कशालाही हात लावायचा नाही. नुसतं बघायचं आणि दोरी पट्ट्यावर आली की सांगायचं.”

“गोफणीपरीस सोपं हाय,” ती म्हणाली.

जांभळाशी कुसुम दोरीचं एक टोक धरून उभी. विहिरीच्या अंगाला दादा आणि मी, माझ्या हातात खुंटी आणि हातोडा. पीक काढल्यावर पट्टा पुसट झाला होता, तरी उघड्या मातीत मुरमाचा पांढरेपणा वरून ओळखू येत होता. वहिनी ओरडत होती, आम्ही सरकत होतो.

तीन महिने एक गोष्ट मला खात होती. रोज विचारीन म्हणायचो आणि धीर व्हायचा नाही. खाली वाकलेलाच होतो म्हणून बरं, तोंड दिसत नव्हतं.

“दादा, त्या दिवशी गाडीत नाना काय सांगत होते?”

दादानं दोरी ताणून धरली होती.

“दवाखान्याला चालला होतात ना तुम्ही?” मी विचारलं.

“न्हाई. कुठंच न्हवतो चाललो. तुझी गाडी गावावी म्हणून नाक्यावर दोन गाड्या सोडल्या त्यानं. उन्हात बसला हुता सकाळधरनं. मी म्हणलं, नाना, चला घरी, तो बापाचाच ल्योक हाय. तर म्हणाला, न्हाई. रंगा एका तिकिटाचं खोटं चालू देत न्हाई, बांधाचं कसं चालू देईल? त्याच्या कानावर घालतो, तो सांगंल आप्पाला.” दादानं दोरीला हिसका देऊन ढील काढली. “उतरल्यावर माळावरनं चालत आलो. वाटंत म्हणला, पोरगं नियमाचं पक्कं हाय.”

हातोडा मातीत ठेवून मी खाली बसलो. डोक्यावर ड्रोन एकाच जागी घोंगावत होता.

“अहो, झोपला व्हय तिकडं?” वहिनी ओरडली. “रेघ अजून आत हाय. सरकवा की हातभर!”

“कुणाकडं?” दादानं विचारलं.

“भावजींकडं!”

मी उठलो आणि खुंटी हातभर माझ्या रानात घेतली.